मुलाला न कळता त्याच्या मोबाइलवर नजर ठेवता येईल असे ॲप कोणते?

आपला मुलगा यंदा दहावीला आहे, खानापूर तालुक्यातल्या गावाहून तो रोज बसने बेळगावला शिकवणीला जातो, परतायला अंधार पडतो, आणि म्हणून तो कुठे असतो व व्हॉट्सॲपवर कोणाशी बोलतो हे त्याला न कळता पाहता यावे, असे आपण विचारले आहे. बेळगावात माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचे, वर्ष सुरू झाले की अशी चौकशी करणारे पालक हमखास येतात. छुपे ॲप घालून द्यायला मी नकार देतो, आणि त्यामागचे कारण मुख्यतः तांत्रिक आहे.

असे ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून, एपीके म्हणजे ॲपची फाइल उतरवून घालावे लागते. त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप ओळखणारी गूगलची तपासणी, बंद करावी लागते आणि मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, म्हणजे पडद्यावर उमटणारा मजकूर वाचण्याची मुभाच त्याला मिळते. त्यात पासवर्ड आले, ओटीपी आले, आणि त्याच फोनवर घरातले कोणी यूपीआय वापरत असेल तर बँकेतले पैसेही आले. शिवाय हे सारे आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी एखाद्या परक्या कंपनीच्या सर्व्हरवर साठते. एमस्पाय हे या धंद्यातले नावाजलेले नाव. त्यांच्याकडची माहिती २०१५ मध्ये फुटली आणि २०२४ मध्ये पुन्हा फुटली. त्यातून मुलाला पत्ता लागणार नाही असेही नाही. दुपारपर्यंत बॅटरी उतरू लागली की तो फोन घेऊन माझ्यासारख्याकडेच येतो, ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत ‘सिस्टीम सर्व्हिस’ असे काहीतरी गुळमुळीत नाव दिसते, आणि ते काय आहे हे मला त्याला सांगावेच लागते.

अँड्रॉइड फोन असेल तर गूगलचे फॅमिली लिंक हे पालकांसाठीचे ॲप वापरावे. ते मोफत आहे आणि उघड आहे: १३ वर्षांवरील मुलाच्या खात्यावर देखरेख जोडताना त्याची संमती लागते, त्यामुळे त्याला शेजारी बसवूनच ते सुरू करावे. फोन कुठे आहे, बॅटरी किती उरली, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, हे त्यातून कळते आणि रात्री फोनला कुलूप पडण्याची वेळही ठरवता येते. कुलूप पडल्यावरही आलेला कॉल घेता येतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश मात्र त्यात दिसत नाहीत, आणि मला ही उणीव वाटत नाही.

ठिकाणाबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण पालकांची सर्वाधिक घबराट तिथेच होते. फोन, इंटरनेट आणि लोकेशन ही तिन्ही सुरू असतील तरच नकाशावरचा ठिपका हलतो. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे जाताना जंगलात रेंज जाते हे आपल्याला ठाऊक असेलच. अशा वेळी ठिपका मागच्या गावातच अडकतो, बस पुढे निघून गेलेली असते आणि घरी आईचा जीव टांगणीला लागतो. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या कोगनोळीकडच्या पालकांची तऱ्हा आणखी वेगळी. जीपीएस नीट लागले नाही की फोन टॉवरवरून अंदाज बांधतो, नकाशावर मोठे वर्तुळ उमटते, आणि त्यातला काही भाग सीमेपलीकडे कागल तालुक्यात गेला की मुलगा न सांगता महाराष्ट्रात गेला म्हणून घरात गहजब होतो. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ जितके मोठे, तितका अंदाज ढोबळ समजावा.

म्हणून रोजच्या प्रवासासाठी साधा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. शिकवणी सुटून बसमध्ये बसल्यावर मुलानेच व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन पाठवावे. त्यात १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास अशी मुदत निवडता येते आणि मुदत संपली की ते आपोआप थांबते. बस चुकली तर लगेच फोन करायचा, आणि रेंज नसलेल्या पट्ट्यात किती वेळ वाट पाहिल्यावर कोणाला विचारायचे, हेही दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवावे.

मुलाला कोणी धमकावत असल्याची किंवा त्याच्याकडे फोटो मागत असल्याची खरोखर शंका असेल, तर कोणतेही ॲप शोधत बसू नये. त्याच्यावर न रागावता संदेश आणि पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवावा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोलावे, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.