बांध धड, तरी खाजनात खारे पाणी

प्रश्न : गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आमच्या खाजनात (नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) दोन वर्षे भाताची पाने टोकापासून करपतात. बांध फुटलेला नाही. मग मांडवी नदीचे खारे पाणी येते कुठून?

उत्तर : आधी मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, बघा. मानशीचे दार नदीकडेच उघडते. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते, भरती चढू लागली की नदीच ते दाबून बंद करते. पण फळी झिजली किंवा चौकटीत ओंडका, प्लास्टिक अडकले की दिवसातून दोनदा, प्रत्येक भरतीला, बोटभर फटीतूनही खारे पाणी घुसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती भरत आली असताना आतल्या बाजूने उभे राहून पाहा. दाराखालून धार दिसली तर दुखणे तिथेच आहे.

दार घट्ट असेल तर त्याच वेळी बांधाची आतली बाजू पायाखाली घाला. ओल पाझरते तिथे कुर्ल्यांचे बीळ असणार. पाणी गढूळ येत असेल तर आतली माती वाहून चालली आहे, थांबू नका. नुसते तोंड बुजवून उपयोग नाही. ओहोटीला बीळ खणून मोकळे करा आणि चिकणमाती थरथर घालून चोपा.

तिसरे कारण माणसाचे. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि जास्त मासळी यावी म्हणून भरतीला दार उघडे ठेवले जाते. पेरणीपासून कापणीपर्यंत खारे पाणी आत घ्यायचे नाही, ही अट पावणीतच लिहून घ्यायला हवी. ती तोंडी राहिली की भात मरते.

मीठ धुतो तो पाऊसच. पावसाचे पाणी शेतात साठू द्या, ओहोटीला सोडा, पुन्हा साठवा. पाण्याचा खारटपणा गेल्यावरच पेरा, तेही खारटपणा सोसणारे कोरगुट भात. पहिल्या सरीला घाई करू नका.

प्रश्न : पावसाळ्यात खनिजाच्या बार्जी (मालवाहू होड्या) मांडवी आणि जुवारी नद्या जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून का जात?

उत्तर : मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात. म्हणून बार्जी कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केल्यावर ही ये-जा थंडावली. कालवा अरुंद असल्यामुळे बार्जीची लाट थेट बांधाच्या पायावर आपटते. अशा बांधाला नदीकडून जांभ्या दगडाची पिचिंग (दगडी अस्तर) नसेल, तर वरून कितीही माती टाकली तरी तो खालून पोखरला जातो.