प्लंजरवर टेफ्लॉन चढत नाही? आधी कणांचा विद्युतभार बघा

सातपूरच्या मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा: पोलादी प्लंजरच्या (मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्याच्या) खाचांत स्प्रे पोचत नाही, म्हणून त्यांनी जॉब पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, पातळ डिस्पर्शनमध्ये (बारीक कण तरंगणाऱ्या पाण्यात) ऋण टोकाला टांगला. काहीच चढलं नाही. धन टोकाला जोडला तर पांढरा थर आला, पण तपकिरी डागांसकट, आणि बोटाने पुसला गेला.

रेक्टिफायर (डीसी करंट देणारं यंत्र) बदलू नका, त्याची चूक नाही. तुम्ही याला निकेल प्लेटिंग समजताय. तिथे धातूचा आयन ऋण टोकावर येऊन धातू होतो. इथे भारित कण नुसते सरकत येतात. नेहमीच्या डिस्पर्शनमधले कण बहुधा ऋण भाराचे, म्हणून ते धन टोकाकडे पळतात. तिथे पोलादच विरघळतं. तपकिरी डाग त्याच लोखंडाचे. थर पुसला गेला कारण ती न वितळलेली पूड होती. पीटीएफई ३२७ अंशांच्या आसपास वितळतं, थर एकजीव करायला त्याच्याही वर जावं लागतं. तेवढ्यात हार्डन केलेल्या प्लंजरचं पाणी उतरेल, म्हणजे कडकपणा जाईल.

तुम्हाला सीईडी, म्हणजे कॅथोडिक इपॉक्सी (विजेने चढवायचा रेझिनचा थर), बरी पडेल. जॉब ऋण टोकाला असल्याने लोखंड सुटत नाही. जॉबलगतचं पाणी अल्कधर्मी होतं आणि रेझिन तिथेच बसतं. बसलेला थर वीज अडवतो, मग करंट उघड्या राहिलेल्या जागा शोधतो. टाकीत मिसळलेली पीटीएफईची पूड या थरात अडकून राहते. १७०-१८० अंशांच्या भट्टीत ती वितळत नाही, पण घसरण देते. शुद्ध पीटीएफईइतकी नाही, हे खरं.

मात्र नेहमीचं डिस्पर्शन सीईडीच्या टाकीत ओतू नका. मी ओतलंय. नशीब, चाचणीची छोटी टाकी होती. लिंबू पिळलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या आणि पंपाची जाळी चोंदली. रेझिन धन भाराचं, कण ऋण भाराचे, दोघांनी एकमेकांना धरलं. कॅटायनिक किंवा नॉनआयनिक (धन भाराच्या किंवा बिनभाराच्या) सर्फॅक्टंटवालं, म्हणजे कण तरंगते ठेवणाऱ्या साबणासारख्या रसायनाचं, डिस्पर्शन मागा, आणि आधी काचेच्या ग्लासात रेझिनबरोबर मिसळून रात्रभर ठेवा. (तो ग्लास परत चहाला नको. आमच्या शॉपवर हेही सांगावं लागतं.)

पाणी डीएमचंच (क्षार काढलेलं), बोअरचं नाही. व्होल्टेज हळूहळू चढवा, नाहीतर हायड्रोजनचे बुडबुडे थराला भोकं पाडतात. २० मायक्रॉनचा थर म्हणजे व्यासावर ४०, तेवढा क्लिअरन्स मशिनिंगलाच सोडा.

खाच किती रुंद, किती खोल आणि प्लंजर किती एचआरसीचा (कडकपणाचं माप), हे लिहा. अरुंद खाचेत सीईडीसुद्धा तळापर्यंत जातेच असं नाही.