पंचावन्न हजारांची नोकरी आणि दीड लाखाचा हप्ता

प्रश्न : मी ३८ वर्षांची, शास्त्रीय गायिका आहे. संगीतात एम. ए. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालंय. सात वर्षं विद्यापीठाच्या संगीत विभागात तासिका तत्त्वावर गायन शिकवते. महिन्याला साधारण ३५ हजार होतात, पण वर्षातले नऊच महिने, आणि बिलं निघतील तेव्हा. घरी बारा विद्यार्थी येतात, प्रत्येकी अडीच हजार. मैफलींचे वर्षाला लाखभर. आता एका खासगी विद्यापीठाने पूर्णवेळ सहायक प्राध्यापक म्हणून बोलावलंय : ५५ हजार एकत्रित मानधन, ११ महिन्यांचा करार, खासगी शिकवणी बंद. ‘दोनेक वर्षांत कायम करू’ असं विभागप्रमुख म्हणाले. दोन वर्षांपूर्वी बँकेतून हमीच्या उत्पन्नाची पॉलिसी घेतली आहे. हप्ता दीड लाख, दहा वर्षं. मार्चचा तिसरा हप्ता आताच्या कमाईत बसत नाही, म्हणून नोकरी घ्यावी असं वाटतं. रियाझाला वेळ उरणार नाही ही धाकधूक आहे. घेऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘म्हणून’ मला खटकला. नोकरी हवी आहे म्हणून तुम्ही ती घेत नाही आहात, हप्ता भरायचा आहे म्हणून घेत आहात. त्यामुळे आधी पॉलिसीचं बघू. नोकरीचा हिशेब त्यानंतर चार ओळींत होईल.

पॉलिसीचा कागद तुम्ही जोडलात ते बरं केलंत. दहा वर्षं दीड-दीड लाख भरायचे, मग दोन वर्षं थांबायचं. तेराव्या वर्षापासून २५ वर्षं दरसाल १ लाख २० हजार मिळणार आणि शेवटी भरलेले १५ लाख परत. बँकेतल्या माणसाने ‘१५ भरा, ४५ घ्या’ असं सांगितलं असणार. ते ४५ यायला आजपासून पस्तिसेक वर्षं लागतात हे सांगायला तो विसरला. हा सगळा व्यवहार परताव्याच्या दरात मांडला तर दरसाल जेमतेम पाच टक्के पडतात. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये गेले असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने बाराव्या वर्षाच्या शेवटी साडेपंचवीस लाख झाले असते. त्यावर वर्षाचं नुसतं व्याज १ लाख ८० हजार, आणि मुद्दल जागच्या जागी.

‘टॅक्स वाचतो’ हेही तुम्हाला सांगण्यात आलं. कुठला टॅक्स? तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेसात लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत विमा-पीपीएफवरची ८०सीची वजावटच नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य. शून्यातून वाचवायचं काय? उलट विद्यापीठ मानधनातून दहा टक्के टीडीएस कापतं, आणि तुम्ही लिहिता, ‘कर कापलेलाच असतो, म्हणून रिटर्न भरत नाही.’ म्हणजे दरसाल तीसेक हजार तुम्ही सरकारजमा करून विसरून जाता. जिथे मुदत उरली आहे त्या वर्षाचं रिटर्न या आठवड्यात भरा. मुदत उलटली की परतावा मागण्यासाठी अपडेटेड, म्हणजे नंतर भरता येणाऱ्या, रिटर्नचाही उपयोग होत नाही.

आता पॉलिसीचं करायचं काय? बहुतेक लोक चिडून ‘सरेंडर करतो’, म्हणजे मध्येच मोडून पैसे घेतो, म्हणतात. थांबा. तीन लाख भरून झालेत. किमान हमीप्रमाणे आत्ता सरेंडर केलीत तर हातात साधारण लाखभर पडतील. त्याऐवजी हप्ते थांबवून ती पेड-अप केली, तर दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात वर्षाला २४ हजारांच्या आसपास आणि शेवटी तीन लाख मिळायला हवेत. माझ्या हिशेबाने सरेंडरचे पावणेदोन लाखांपेक्षा जास्त देत असतील तर पैसे घेऊन मोकळ्या व्हा, त्याहून कमी देत असतील तर पेड-अप. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. बँकेत जाऊन विचारू नका. तिथे ‘अजून एकच हप्ता भरा मॅडम’ हे ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. तिसरा हप्ता मात्र भरायचा नाही. पुढच्या बारा लाखांपेक्षा आजचं नुकसान छोटं आहे.

आता नोकरी. तुम्ही ३५ हजारांशेजारी ५५ हजार ठेवून बघताय. पूर्ण वर्ष मांडा. सध्या : तासिकांचे ३ लाख १५ हजार, शिकवणीचा एक महिना सुट्टीचा सोडून ३ लाख ३० हजार, मैफली एक लाख. साडेसात लाख. तिकडे : ११ गुणिले ५५ हजार, म्हणजे सहा लाख. शिकवणी शून्य. परवानगी काढून काढून मैफली निम्म्या राहिल्या तर पन्नास हजार. साडेसहा. लाखभर कमी मिळवायला तुम्ही पूर्णवेळ होणार! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं आणि एकूण ४० तास कामाचे असतात. गायनाच्या तासाला शिक्षक खडू घेऊन उभा नसतो, गातही असतो. सोळा तास विद्यार्थ्यांच्या पट्टीत गायल्यावर संध्याकाळी तुमच्या स्वतःच्या पट्टीसाठी, काळी चारसाठी, गळा किती उरतो, ते मला विचारू नका. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत रियाझाचा रकाना नसतो एवढं मला माहीत आहे.

आणि ‘दोनेक वर्षांत कायम’. अकरा महिन्यांचा करार आणि कायम पद ही दोन वेगळी घराणी आहेत. एकातून दुसऱ्यात आपोआप जाता येत नाही. हा अनुभव पुढे कामी येईल ही तुमची आशाही तपासून घ्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी सेवा धरली जाण्यासाठी अटी आहेत. त्यातली एक अशी की त्या काळातलं एकूण मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावं. नियमित पदाचं नुसतं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता वेगळा. तुमचे ५५ हजार त्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. विभागप्रमुख सज्जन असतील, पण करारावर त्यांची सही नसते.

तुम्हाला पूर्णवेळ पदाचं आकर्षण वाटणं चूक नाही. मे-जूनमध्ये खात्यात काहीच न येणं मी समजू शकतो. त्यामुळे नकार न कळवता दोन गोष्टी मागा : शिकवणीबंदीचं कलम काढा, किंवा निदान सहा विद्यार्थी राहू द्या, आणि पीएफ व ग्रुप मेडिक्लेम कराराच्या कागदावर लिहून द्या. दिलं तर घ्या. सहा विद्यार्थ्यांचे दीड लाखाच्या वर सुटतात, म्हणजे ते लाखभराचं नुकसान राहतच नाही. नाही दिलं तर यंदा तासिकाच बऱ्या.

तुमच्या पत्रात मेडिक्लेमचा उल्लेख नाही, टर्म विम्याचा नाही, बाजूला ठेवलेल्या पैशाचाही नाही. मुलगा नऊ वर्षांचा आणि जिवावरचं विमाकवच या पॉलिसीचं १५ लाख. उद्या गळ्याला गाठ आली आणि डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितलं तर तासिका, शिकवणी, मैफल तिन्ही एकदम थांबतील. मार्चच्या हप्त्यासाठी जेवढं जमेल त्यातून आधी वैयक्तिक मेडिक्लेम घ्या. मग साठीपर्यंतचा ५० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा), त्याचा वर्षाचा हप्ता दहा हजारांच्या आतबाहेर असेल. उरलेले मुदत ठेवीत, मे-जूनसाठी आणि मौनासाठी. टीडीएसचा परतावा आला की तोही तिथेच.

कंपनीला ईमेल आजच करा, मार्चची वाट न बघता. आणि हप्त्याचा ऑटो-डेबिट बँकेत चालू असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर हा सगळा हिशेब वाचून होईतो पैसे गेलेले असतील.