खुशीत किंवा घाईत घेतलेली वस्तू दुकानात छान आणि घरी आल्यावर साधीच का वाटते?

बारा वर्षं साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडल्या, म्हणून माझं उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूचं.

लग्नाचा बस्ता बांधायला दहा-बारा माणसं यायची. आधी चहा, मग नवरीच्या मावशीची जराशी चेष्टा, आणि मंडळी हसली की पहिली पैठणी. हा क्रम शेठनी शिकवलेला. घरून भांडून आलेल्यांना तीच साडी दाखवली तर ‘पोत जाडच आहे’ म्हणून बाजूला पडायची.

याला प्रयोगाचाही आधार आहे, हे फार उशिरा कळलं. १९७८ मध्ये अमेरिकेत ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी मॉलमधल्या काही लोकांना नेलकटर किंवा छोटी वही फुकट दिली. नंतर पाहणीच्या निमित्ताने सगळ्यांना विचारलं, तुमची गाडी आणि टीव्ही कसा चालतो? भेट मिळालेल्यांनी जास्त कौतुक केलं. गाडी रोजचीच, बरं का! नेलकटरचा आनंद तिच्या खात्यावर जमा झाला.

घाई त्यात काय करते, तर तपासणी बंद पाडते. हातमागाची अस्सल पैठणी उलटून पाहिली तर काठ-पदराची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत बहुधा मागे धागे लोंबतात. जाणतं गिऱ्हाईक पदर उलटा करायचंच. पण साडेसहाची एसटी गाठायची असली की तेही सुटायचं. मग उरतं काय, तर ‘कशी वाटते गं?’ आणि ‘वाटणं’ तर चहाबरोबरच ठरलेलं.

ऑनलाइनवाल्यांनी घड्याळच लावलंय: ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर संपणार’. यातली खोटी घाई आपल्याकडे नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढली, त्यात पहिलीच ही आहे. तरी घड्याळं दिसतातच.

आम्ही शहाणे असतो असं समजू नका. मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी पेढे घेऊन परतताना मी एका दुकानात मिक्सर घेतला. शटर अर्धं खाली आलेलं, दुकानदार किल्ल्या हातात घेऊन उभा. चालवून बघायचा राहिलाच. आता चटणी वाटायची असली की बायको आधी खिडक्या लावून घेते.