सुनेचं ‘सिन्स टू इयर्स’

प्रश्न : माझी सून मेक्सिकोची. तिला मराठी येत नाही, मला स्पॅनिश. आमचा कारभार इंग्रजीत. ‘इंग्रजीतले काळ शिकवाल का?’ असं तिनेच विचारलं. मी निवृत्त मराठी शिक्षिका, म्हणून बारा काळांचा तक्ता करून दिला, तर गोंधळ वाढलाच. परवा म्हणाली, ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स.’ सुरुवात कुठून करू?

उत्तर : तक्ता तूर्त कपाटात ठेवा. स्पॅनिशभाषकांना इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मीही तसाच तक्ता भिंतीवर लावला होता. विद्यार्थ्यांनी तो छान पाठ केला आणि बोलताना एकालाही आठवला नाही.

सुनेच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करा. स्पॅनिशमध्ये ते ‘बीबो आकी देस्दे आसे दोस आन्योस’ असं होतं, म्हणजे साधा वर्तमानकाळ. आपणही ‘दोन वर्षांपासून इथे राहते’ असंच म्हणतो ना? इंग्रजीला मात्र तिथे ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. शिवाय आपल्या ‘पासून’ची तिथे दोन तोंडं होतात : मुदत सांगायची तर ‘फॉर टू इयर्स’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स २०२२’. ‘ते यामो मान्याना’चंही तसंच. आपण ‘उद्या फोन करते’ म्हणतो, तीही वर्तमानकाळातच शब्द देते आणि मग इंग्रजीत ‘आय कॉल यू टुमॉरो’ म्हणून बसते. इथे ‘आय विल’ हवं.

भूतकाळात तर तुमचं मराठी फारच उपयोगी पडेल. ‘लहानपणी खेळायचे’ आणि ‘काल खेळले’ हा फरक स्पॅनिशमध्येही आहे : ‘हुगाबा’ आणि ‘हुगे’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘प्लेड’ चालतं. ती ‘खेळायचे’साठी वेगळं रूप शोधते आणि ‘वॉज प्लेइंग’ उचलते. तिला सवयीसाठी ‘यूज्ड टू’ द्या. हा धागा मला फार उशिरा सापडला.

प्रश्न विचारताना स्पॅनिशमध्ये ‘डू’सारखं काही लागत नाही, नुसता सूर चढवला की झालं. कर्ताही क्रियापदाच्या पोटात असतो, म्हणून ‘इट’ गळून नुसतं ‘इज रेनिंग’. ‘डिड’ शिकवाल तेव्हा ‘डिड यू वेंट’ ऐकायची तयारी ठेवा. ‘डिड’ने भूतकाळाचं ओझं उचललं की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं, एवढंच सांगा. ‘शी वर्क’मधला गळलेला ‘स’ मी पहिला महिनाभर सोडून देते. अर्थ कुठे बिघडतो?

आणि चूक दाखवण्याआधी नीट ऐका. माझी एक विद्यार्थिनी ‘यस्टरडे आय वॉक’ म्हणायची. मी कित्येक दिवस तिला भूतकाळ समजावत राहिले. एकदा लिहायला सांगितलं, तर ‘वॉक्ड’चं स्पेलिंग अगदी बरोबर! स्पॅनिश शब्द शेवटी जोडाक्षरावर सहसा थांबत नाहीत, त्यामुळे तिच्या तोंडून शेवटचा ‘ट’ निघतच नव्हता. काही जण उलट करतात, ‘वर्क्ट’चं ‘वर्केद’.

एक चूक मात्र ती बहुधा करणार नाही : ‘आय ॲम नोइंग’. ती आपल्याकडची. तुमच्या तोंडून निघाली आणि तिने टोकलं, तर रागवू नका.