फेराइटचा पेपर परत का येतो?

या वेळी चुंबकशास्त्राच्या नियतकालिकांना पेपर पाठवण्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं नांदेडहून येवोत की बीडहून, प्लास्टिकच्या पुडीतला नमुना बहुधा एकच असतो: फेराइट, म्हणजे लोह आणि दुसऱ्या धातूचं चुंबकीय ऑक्साइड.

प्रश्न : कोबाल्ट फेराइटमध्ये झिंकचं प्रमाण ०.० पासून ०.५ पर्यंत वाढवत सहा नमुने केले. एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना), एफटीआयआर (अवरक्त किरणांनी बंध), व्हीएसएम (चुंबकीय मापन) सगळं झालं. ‘जर्नल ऑफ मॅग्नेटिझम अँड मॅग्नेटिक मटेरियल्स’कडे पेपर पाठवला, तर परीक्षकांकडे न जाताच चार दिवसांत परत आला. इंग्रजी तपासून घेतलं होतं. चुकलं कुठे? (संशोधक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : इंग्रजीचा दोष नसावा. संपादक आधी शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष चाळतात. तिथे ‘झिंक घातल्यावर सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन (क्षेत्र वाढवूनही पुढे न वाढणारं कमाल चुंबकन) आधी वाढलं, मग घटलं’ एवढंच दिसलं, तर त्यांच्यासाठी ही बातमी जुनी आहे. झिंकला स्वतःचा चुंबकीय मोमेंट (अणूचं स्वतःचं चुंबकत्व) नाही. तो स्पिनेल या फेराइटच्या स्फटिकरचनेतल्या चतुष्फलकीय म्हणजे ए जागेवर बसतो आणि तिथल्या लोहाला अष्टफलकीय बी जागेवर ढकलतो. दोन जागांचे मोमेंट परस्परविरुद्ध असल्याने सुरुवातीला फरक वाढतो. पुढे ए-बी बंध दुबळा होऊन बी जागेवरचे स्पिन (अणूंचे छोटे चुंबक) तिरके होतात आणि मॅग्नेटायझेशन उतरतं. पहिला भाग नेएलच्या १९४८ च्या सिद्धांतात आहे, दुसरा यॅफेट आणि किटेल यांच्या १९५२ च्या कामात.

म्हणजे मालिका टाकून द्यायची का? नाही, तिला प्रश्न द्यायचा. तुमच्या नमुन्यांत लोह नेमकं किती ए वर आणि किती बी वर आहे, हे तुम्ही दाखवू शकता का? इथे एक सापळा आहे. अनेक पेपरांत हे वाटप साध्या एक्सआरडीच्या तीव्रतेवरून काढलेलं असतं. लोहाचा अणुक्रमांक २६, कोबाल्टचा २७. तांब्याच्या के-अल्फा किरणांना दोघांतला फरक जेमतेम दिसतो. शिवाय लोह आणि कोबाल्ट दोन्ही त्या किरणांत प्रतिदीप्ती देतात, म्हणून आलेखाचा तळ उचललेला असतो. अशा आलेखावरून दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत वाटप लिहिलं की जाणकार परीक्षक तिथेच थांबतो. मॉसबाउअर मापन (गॅमा किरणांनी लोहाच्या अणूंची तपासणी) मिळालं, तेही कमी तापमानाला आणि बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लावून, तर लोहाच्या दोन जागा वेगळ्या दिसतात. मग सहा नमुन्यांऐवजी तीन असले तरी पेपर उभा राहतो. आणि कृपा करून हीच मालिका ‘रचना’, ‘चुंबकीय’ आणि ‘विद्युत’ अशा तीन पेपरांत वाटू नका. संपादकांना ते ओळखू येतं.

प्रश्न : परीक्षकाने लिहिलंय, ‘मॅग्नेटायझेशन ६२.३४७ ईएमयू प्रति ग्रॅम आणि कोएर्सिव्हिटी २३.४७ ओर्स्टेड, या आकड्यांवर विश्वास बसत नाही.’ यंत्राने दिलेलेच आकडे लिहिले आहेत. (परभणी)

उत्तर : यंत्र दशांशं छापतं, ती खरी आहेत अशी हमी देत नाही. नमुना १८ मिलिग्रॅम असेल आणि तागडीची खात्री अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतच असेल, तर तिथेच सुमारे ३ टक्के गेले. म्हणून ६२ ± २ लिहा. कोएर्सिव्हिटीचं, म्हणजे चुंबकन शून्यावर आणायला लागणाऱ्या उलट क्षेत्राचं, तसंच. क्षेत्राची पायरी १०० ओर्स्टेडची असताना २३.४७ कुठून येणार? शून्याच्या आसपास ५ ते १० ओर्स्टेडच्या पायऱ्यांनी पुन्हा मापन मागा. विद्युतचुंबकाच्या गाभ्यात उरलेलं क्षेत्रही अशा लहान आकड्यांत घोळ घालतं. वक्र डाव्या-उजव्या बाजूला सारखा नसेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्या.

दुसरी गोष्ट, १५ किलोओर्स्टेडला वक्र अजून चढत असेल तर त्या शेवटच्या बिंदूला सॅच्युरेशन म्हणू नका. ‘लॉ ऑफ अप्रोच’ (वक्र कमाल किमतीकडे कसा जातो त्याचं सूत्र) वापरून किंमत काढा आणि क्षेत्राचा कोणता पट्टा घेतला ते लिहा. रिकाम्या होल्डरचा डायमॅग्नेटिक (क्षेत्राला किंचित विरोध करणारा) वाटाही वजा केलेला हवा. बोअर मॅग्नेटॉनचं, म्हणजे अणूच्या चुंबकत्वाच्या एककाचं, सूत्र (रेणुभार गुणिले मॅग्नेटायझेशन भागिले ५५८५) पडताळणीला उपयोगी पडतं. शुद्ध कोबाल्ट फेराइटचा रेणुभार २३४.६, मॅग्नेटायझेशन ८० धरलं तर साधारण ३.४ येतात. तुमचं उत्तर ७ आलं तर लिहिण्याआधी वजन तपासा.

एककं एकाच पद्धतीची ठेवा. १ ईएमयू प्रति ग्रॅम म्हणजे १ अँपिअर-मीटर वर्ग प्रति किलोग्रॅम, इथे आकडा बदलत नाही. क्षेत्राचा मात्र बदलतो: १ ओर्स्टेड म्हणजे ७९.५८ अँपिअर प्रति मीटर. आडव्या अक्षावर टेस्ला आणि मजकुरात ओर्स्टेड असं चालणार नाही.

प्रश्न : शेरर सूत्राने (एक्सआरडी शिखराच्या रुंदीवरून) कणाचा आकार ०.३६ नॅनोमीटर येतो. (बीड)

उत्तर : ०.८४ नॅनोमीटरच्या एकक कोशिकेपेक्षा कण लहान? शिखराची रुंदी अंशांतच राहिली आहे, ती रेडियनमध्ये करा. (३११) या स्फटिक-पातळ्यांचं शिखर ३५.५ अंशांजवळ, रुंदी ०.४ अंश, म्हणजे ०.००७ रेडियन, आकार सुमारे २१ नॅनोमीटर येईल. यंत्राची स्वतःची रुंदी प्रमाणित नमुन्यावर मोजून आधी वजा करा. आणि त्याला ‘कणाचा आकार’ न म्हणता ‘स्फटिकाचा आकार’ म्हणा. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कण मोठा दिसला तर तो विरोधाभास नाही.

प्रश्न : ‘कृती पुन्हा करता येईल इतकी लिहा’ असं परीक्षक म्हणतात. सोल-जेल ऑटो-कम्बशन (विद्रावाचं जेल करून ते पेटवण्याची पद्धत) तर सर्वांना माहीत आहे. (लातूर)

उत्तर : पद्धत माहीत आहे, तुमची कृती नाही. ०.०२ मोल कोबाल्ट फेराइटसाठी कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ५.८२ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १६.१६ ग्रॅम, एकूण धातूला सायट्रिक ॲसिड एकास एक घेतलं तर मोनोहायड्रेट १२.६ ग्रॅम. एवढ्यातून कागदावर ४.७ ग्रॅम फेराइट निघतं. अमोनियाने सामू किती केला, जेल किती अंशांवर झालं, ॲनिलिंगचा (भट्टीत तापवण्याचा) वेग किती अंश प्रति मिनिट होता, भट्टी बंद करून थंड होऊ दिली की नमुना बाहेर काढला, हे सगळं द्या. भारनियमनाने मफल फर्नेस मध्येच बंद पडली असेल तर तो नमुना मालिकेतून काढा. ‘चार तास’ लिहून अडीच तासांचा नमुना घालू नका.

पावसाळ्यात फेरिक नायट्रेट ओल धरतं. तोललेलं वजन पाण्याचंही असतं, लोह कमी पडतं आणि जादा कोबाल्टचं कोबाल्ट ऑक्साइड दिसू लागतं. उलट लोह जास्त झालं तर ३३.२ अंशांजवळ हेमॅटाइटचं (लोहाच्या ऑक्साइडचं) सर्वांत मोठं शिखर शोधा. त्याचं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर फेराइटच्या (३११) खाली लपतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे विद्रावापासून धुण्यापर्यंत डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि तसं लिहा.

प्रश्न : ‘सात दिवसांत छापू, शुल्क भरा’ असे मेल येतात. शुल्काशिवाय चांगल्या ठिकाणी छापून येतं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येतं. तुम्ही ज्याला पेपर पाठवलेला नाही, तो आधीच ‘स्वीकारू’ म्हणतो, तर त्याला चाळणीच नाही. एल्सव्हिअरच्या वर उल्लेखलेल्या नियतकालिकात दोन वाटा आहेत. स्वीकृतीनंतर सदस्यत्वाची (वाचक वर्गणी भरतात ती) वाट निवडली तर लेखकाला प्रकाशनशुल्क लागत नाही, मुक्त प्रवेशाची निवडली तर लागतं. तो फॉर्म घाईने भरू नका. पाठवताना ‘हायलाइट्स’ तीन ते पाच ओळींत, प्रत्येक ओळ मोकळ्या जागांसह ८५ अक्षरांच्या आत ठेवा.

प्रश्न : एक परीक्षक म्हणतो विभाग काढा, दुसरा म्हणतो वाढवा. (धाराशिव)

उत्तर : निर्णय संपादकाचा असतो, म्हणून उत्तरपत्रात त्यालाच उद्देशून दोन्ही मतं शेजारी ठेवा आणि तुम्ही काय केलं व का, ते तीन ओळींत सांगा. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर, सोबत पान आणि ओळ क्रमांक द्या. मागितलेलं मापन शक्य नसेल तर ‘यंत्र उपलब्ध नाही’ एवढं पुरत नाही. ते नसल्याने कोणता दावा मागे घेतला, तेही लिहा.