अवकाशातली लढाई लिहिताना

तुझी कथा विजयदुर्गच्या धक्क्यावर बसून दोनदा वाचली. तुझी यानं होडीसारखी वळतात, तिथे मी अडखळलो. होडी वळते कारण सुकाणूला पाणी अडतं. वल्ही थांबवली की मंदावते. पोकळीत अडवायला काहीच नाही. वेग कमी करायचा तर यान उलटं फिरवून इंजिन पेटवावं लागतं, त्यात इंधन जातं. हा हिशेब कथेत आण. इंधन संपत आलेल्या तांडेलाची घालमेल मला कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त धरून ठेवते.

दुसरं, उष्णता. पोकळीत ती प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच बाहेर पडते, म्हणून यानाला ती बाहेर टाकणारी मोठी पाती पसरावी लागतात. लढताना उघडी ठेवली तर ती शत्रूच्या माऱ्यात येणार, मिटली तर आतली माणसं भाजून निघणार. नाट्य इथे आहे रे! आंग्र्यांची गलबतं वारा पडला की वल्ह्यांवर येऊन मोठ्या जहाजाला मागून गाठायची, कारण तिथे तोफा कमी असत. तुझ्या कप्तानालाही अशी वेळ हेरू दे.

लेझरचा किरण बाजूने दिसत नाही, पण आदळतो तिथला धातू वितळून चमकतो; ते रंगव. आवाज यानाच्या आतच ठेव.

एक सूट मीही घेतो: अंतरं कमी करतो. ३ लाख किलोमीटरवरचा शत्रू दिसतो तोच एक सेकंद जुना, आणि नुसत्या डोळ्यांना तर दिसतही नाही. पण अंतरं कमी का, त्याचं कारण सुरुवातीलाच दे आणि शेवटपर्यंत पाळ.

पुढचा खर्डा झाला की घेऊन ये. संध्याकाळी मी धक्क्यावरच असतो.